निसटतो म्हणून आवळतो

पुण्यात येरवड्याच्या बाजूला गोल्फचं मैदान आहे. सकाळी सहाच्या आत तिथल्या कॅडींच्या, म्हणजे खेळणाऱ्यांच्या बॅगा वाहणाऱ्यांच्या, शेडमध्ये पोरं येऊन बसतात. कुणाच्या हातात चहाचा कप, कुणाच्या हातात कालचा वडापाव. साहेबलोकांच्या गाड्या फाटकातून आत शिरायला लागल्या की एकेकाचं नाव पुकारलं जातं, बॅग खांद्यावर चढते आणि अठरा होलांची पायपीट सुरू होते. या शेडमध्ये मामांचा शब्द शेवटचा. मामांनी चाळीस वर्षं बॅगा वाहिल्या होत्या. गुडघ्यांनी दगा दिल्यावर बॅग सुटली, पण मैदान सुटलं नाही. सोमवारी मैदान बंद असे, गवताची डागडुजी चाले आणि कॅडींना खेळायची मुभा मिळे. त्या दिवशी मामा एका खुर्चीवर बसून पोरांना शिकवत. एक पैसा न घेता.

या पोरांत एक बारक्या होता. वय सोळा. अंगाने इतका किरकोळ की बॅग खांद्यावर घेतली की मागून फक्त बॅगच चालताना दिसायची. त्याच्याकडे स्वतःचा असा एकच क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी, होता, सात नंबरचा. एका साहेबांनी नवा सेट घेतला तेव्हा जुन्यातला हा एक त्याला खुशीने दिला होता. बारक्या तो घरी नेऊन उशाशी ठेवून झोपे.

असं वेड लागायला कारणही तसंच होतं. अली शेरची गोष्ट शेडमधल्या प्रत्येक पोराला पाठ होती. दिल्लीच्या मैदानावर कॅडी असलेल्या त्या माणसाने १९९१ साली इंडियन ओपन ही स्पर्धा जिंकली आणि १९९३ साली पुन्हा जिंकली. चौरसियाची गोष्टही तशीच. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ सालचा. तिथलं गवत राखणाऱ्या माणसाचा हा मुलगा त्याच गवतावर खेळ शिकला आणि २०१६ व २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन घेऊन गेला. बारक्या या गोष्टी ऐकायचा आणि मनातल्या मनात स्वतःला त्यांच्या रांगेत उभं करायचा.

पण त्याचा चेंडू काही केल्या सरळ जाईना. उडताना सरळ उडे, मध्यावर गेला की उजवीकडे वळे आणि झाडीत जाऊन पडे. गोल्फमध्ये याला स्लाइस म्हणतात. दहा चेंडू मारले तर सात झाडीत. राहिलेले तीन सरळ का गेले, हे त्यालाही सांगता येत नसे.

मामांना मात्र कारण दुरूनच दिसे. बारक्या क्लब असा आवळून धरायचा की बोटांची पेरं पांढरी पडत, मनगटं लाकडासारखी ताठ होत, खांदे कानाला लागत. एवढं आवळूनही नेमक्या आघाताच्या वेळी क्लबचं तोंड किंचित उघडं पडायचं आणि चेंडू वाकडा जायचा.

मामांच्या पत्र्याच्या पेटीत एक पुस्तक होतं. बेन होगन या अमेरिकन खेळाडूचं, १९५७ सालचं. फौजेतून निवृत्त झालेल्या एका साहेबांनी त्यांना ते दिलं होतं. मामांना इंग्रजी येत नव्हतं, पण अँथनी राव्हिएली यांनी काढलेली त्यातली हातांची चित्रं ते डोळे मिटून सांगू शकत. त्या पुस्तकातला पहिलाच धडा पकडीचा आहे. खुद्द होगनचा चेंडू कित्येक वर्षं भलतीकडे, म्हणजे डावीकडे वळायचा. त्याने डाव्या हाताची ठेवण बदलली आणि त्याचा खेळ पालटला. पुढे १९४९ साली त्याच्या मोटारीला बसने धडक दिली, हाडं मोडली, तो पुन्हा चालेल की नाही याचीच शंका होती. तरी पुढच्याच वर्षी त्याने यूएस ओपन जिंकली. साहेबांनी हे सगळं मामांना मराठीत समजावून सांगितलं होतं. मामांनी त्यातून एक गोष्ट गाठीशी बांधली : सगळा खेळ पकडीत आहे.

म्हणून ते बारक्याला सांगत, ‘‘सैल धर. हातात चिमणीचं पिल्लू आहे असं समज. उडूनही जाऊ नये आणि गुदमरूही नये.’’

बारक्या सैल धरायचा. क्लब हातात फिरायचा, चेंडू आणखीच उजवीकडे जायचा. पुढच्या फटक्याला तो पुन्हा आवळायचा.

‘‘सैल!’’

‘‘सैलच धरतोय की मामा.’’

‘‘सैल धरतोयस तर पेरं का पांढरी?’’

असे चार सोमवार गेले. पाचव्या सोमवारी मामांचा तोल सुटला. दहा-बारा पोरं बघत असताना ते म्हणाले, ‘‘तुझ्या हातातच खोट आहे. याला काय शिकवायचं!’’

बारक्याने मान खाली घातली, क्लब पुसला आणि शेडच्या मागच्या वाटेने निघून गेला. पुढच्या सोमवारी तो आलाच नाही. इतर दिवशी बॅग उचलायला येई, पण मामांच्या नजरेला नजर देत नसे.

त्याच आठवड्यातली गोष्ट. मामा संध्याकाळी घरी बसले होते. समोर चटईवर त्यांची नात शुद्धलेखन लिहीत होती. तिसरीतली पोर. जीभ दाताखाली धरून, पूर्ण वजन टाकून ती पेन रेटत होती. पेन धरणारं बोट मागे वाकलं होतं. एका काना-मात्रेशी पान टर्रकन फाटलं.

मामांनी वही उचलली. पान उलटून पाहिलं तर मागच्या बाजूला अक्षरांचे उंचवटे आले होते. बोट फिरवलं तर ओळ न् ओळ हाताला लागत होती.

‘‘अगं, किती दाबतेस! हलक्या हाताने लिही.’’

‘‘पण आबा, उमटतच नाही ना! उमटत नाही म्हणून दाबते.’’

मामांनी तिच्या हातातलं पेन घेतलं आणि स्वतःच्या अंगठ्याच्या नखावर ओढून पाहिलं. नुसता ओरखडा. पुन्हा ओढलं. शाई नाही. रिफिल कधीचीच सुकली होती.

पोर काही चुकत नव्हती. कोरड्या पेनाने अक्षर उमटवायचं तर दाबण्याखेरीज तिच्यापाशी दुसरा उपाय नव्हता. तिला हलक्या हाताने लिही म्हणणं म्हणजे लिहू नकोस म्हणण्यासारखंच होतं.

मामा ते पेन हातात धरून बराच वेळ बसून राहिले. बायकोने जेवायला हाक मारली तीही त्यांना ऐकू आली नाही. पाच सोमवार ते बारक्याचा हात पाहत होते. हातातला क्लब त्यांनी एकदाही मागून घेतला नव्हता.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये जाताच त्यांनी बारक्याला गाठलं. ‘‘तुझा सात नंबर घेऊन ये.’’

‘‘कशाला मामा? मला नाही जमत.’’

‘‘आण तर खरं.’’

बारक्याने दुपारी घरून क्लब आणला. मामांनी आधी त्याचे तळहात उघडून पाहिले. चांगल्या पकडीत दांडा बोटांच्या मुळांशी टेकतो, म्हणून घट्टेही तिथेच पडतात. बारक्याच्या डाव्या हाताला घट्टा होता तो तळव्याच्या खालच्या गादीवर, मनगटाजवळ. म्हणजे दांडा बोटांत नव्हता, तळव्यात होता आणि प्रत्येक फटक्याला तिथे घासून फिरत होता. हातमोजा वापरणाऱ्यांचा मोजा नेमका याच जागी फाटतो. बारक्याकडे मोजा नव्हता, त्यामुळे सगळा हिशेब कातडीवरच मांडला गेला होता.

मग मामांनी क्लबची मूठ पाहिली. खेळणारे तिला ग्रिप म्हणतात. दांड्यावर चढवलेली रबराची नळी. रबर नवं असतं तेव्हा त्यावरच्या खाचा बोटाला धरून ठेवतात. उन्हाने, घामाने आणि हाताच्या तेलाने ते हळूहळू कडक होतं, वर चकाकी येते. ही ग्रिप अशी चकाकत होती की खिडकीचा उजेड तीत दिसत होता. नख रुतत नव्हतं. वरच्या बाजूला एक अंगठ्याचा खळगा पडला होता, पण तो बारक्याच्या अंगठ्यापेक्षा दीडपट रुंद होता.

‘‘डाव्या हातात धर. फक्त डाव्या.’’

बारक्याने धरला. मधली दोन बोटं दांड्याभोवती वळून तळव्याला अलगद टेकायला हवीत, म्हणजे मूठ मापाची. टेकत नसतील तर मूठ जाड, रुतत असतील तर बारीक. बारक्याची बोटं आणि तळवा यांच्यात मामांची करंगळी जाईल एवढी फट राहत होती.

मामांनी आधी साबणाचं पाणी आणि जुना ब्रश घेऊन ग्रिप खसाखसा घासली. पुष्कळदा मळ निघाला की रबर पुन्हा धरतं. हे धरेना. मग ते बारक्याला घेऊन गवत कापायची यंत्रं दुरुस्त करतात त्या शेडमध्ये गेले. तिथे एक व्हाइस होता. टायरच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून दांडा त्यात धरला आणि मामांनी रापी काढली. चप्पल शिवणाऱ्याच्या हातात असते ती. अंगापासून दूर, एका सरळ रेषेत त्यांनी रबर वरपासून खालपर्यंत चिरलं आणि साल सोलावी तसं सोलून काढलं.

आत टेप होती. रबर दांड्याला चिकटून राहावं म्हणून एक थर असतोच. मामांनी तो खरवडला. खाली दुसरा. त्याखाली तिसरा. दोघांनी मिळून मोजले, पाच थर निघाले. कुणा धिप्पाड माणसाने आपल्या पंजाला मूठ भरीव वाटावी म्हणून मुद्दाम भर घालून घेतली होती. त्याच्या हाताला ते योग्यच होतं. मग तो क्लब एका किरकोळ पोराच्या हाती आला आणि आत काय आहे ते कुणी पाहिलं नाही.

मामा काही वेळ त्या टेपच्या गुंडाळीकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘बाळा, माझं चुकलं. तुझ्या हातात खोट नव्हती. क्लब जाड आणि गुळगुळीत. तो निसटायचा, म्हणून तू आवळायचास. मीही आवळलाच असता.’’

बारक्या काही बोलला नाही. पण कित्येक दिवसांनी त्याने मामांकडे सरळ पाहिलं.

गोल्फच्या इतिहासातही हे घडून गेलं आहे. जुन्या काळी लाकडी दांड्यावर कापडाची भर घालून वरून चामडं गुंडाळत. मूठ चांगलीच जाड होई, आणि ती जाड म्हणून खेळाडू क्लब तळव्यात, दोन्ही मुठींनी सोटा धरावा तसा धरत. पुढे मुठी बारीक झाल्या आणि दांडा बोटांत येऊ लागला. उजव्या हाताची करंगळी डाव्या हातावर ठेवायची आज जगभर चालणारी पकड जर्सी बेटावरच्या हॅरी व्हार्डनच्या नावाने ओळखली जाते. ती त्याच्या आधीही काही जण वापरत, पण सहा वेळा ब्रिटिश ओपन जिंकून तिला घरोघरी पोचवलं ते त्याने. कुणा गुरूने ‘बोटांत धर’ म्हणून कितीही कानीकपाळी ओरडून सांगितलं असतं, तरी त्या जुन्या जाड मुठीवर ते जमलं नसतं. आधी मूठ बदलावी लागली, मग हात बदलले.

मामांनी स्वतःच्या पैशाने नवी ग्रिप घेतली, बारीक मापाची. ती चढवण्याचं काम पाहण्यासारखं असतं. दांडा पुसून कोरडा केला. दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपचा एकच थर लावला. नव्या ग्रिपच्या टोकाला बारीक भोक असतं, त्यात चेंडू ठेवायची लाकडी टी खोचून ते बंद केलं. रंगाच्या दुकानातून आणलेलं टर्पेंटाइन आत ओतलं, बोटाने तोंड दाबून हलवलं आणि तेच टेपवर सांडलं. टेप ओली झाली की घसरडी होते, आणि तेवढ्या थोड्या क्षणांत ग्रिप दांड्यावर सरकवायची असते. मामांनी ती एका दमात शेवटपर्यंत लोटली, क्लब उभा धरून एक डोळा मिटला, आणि ग्रिपवरची रेघ क्लबच्या तोंडाशी बरोबर जुळेपर्यंत केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवली.

‘‘आता हात लावायचा नाही. रात्रभर वाळू दे.’’

‘‘आजच मारून बघू?’’

‘‘ओल्या ग्रिपवर मारलंस तर फिरेल. मग जन्मभर वाकडी.’’

सोमवारी सकाळी धुकं होतं. गवतावर दव होतं. मामांनी बारक्याच्या हातात क्लब दिला आणि त्याची बोटं स्वतः बसवली. डावा हात : दांडा तर्जनीपासून तळव्याच्या गादीखाली तिरका, गादी वरून टेकलेली. वरून पाहिलं की पहिल्या दोन बोटांचे उंचवटे दिसले पाहिजेत. अंगठा आणि तर्जनीमधली घडी उजव्या खांद्याकडे. जोर फक्त शेवटच्या तीन बोटांत. उजवा हात : मधली दोन बोटं कामाची, करंगळी डाव्या हातावर विसावलेली, तळवा डाव्या अंगठ्यावर झाकणासारखा.

‘‘असं का, ते ऐक,’’ मामा म्हणाले. ‘‘चेंडू आणि क्लब एकमेकांना भेटतात ते सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापुरते. साहेबांनी सांगितलं होतं मला. धक्का लागला हे तुझ्या डोक्याला कळेपर्यंत चेंडू निघून गेलेला असतो. त्या घडीला तू कितीही आवळलंस तरी काही सुधारत नाही. जे काही व्हायचं ते आधीच ठरलेलं असतं, इथे, उभा राहतोस तेव्हा.’’

बारक्या उभा राहिला. मामांच्या ओठांवर सवयीने ‘सैल’ हा शब्द आला होता. त्यांनी तो गिळला.

पहिला चेंडू उजवीकडेच गेला. जुनी सवय एका ग्रिपने मोडत नाही. दुसराही थोडा वळला. तिसऱ्या वेळी मात्र बारक्याने क्लब हातात एकदा हलवून पाहिला. रबर बोटांना धरून होतं. त्याने पुन्हा हलवला. मग काहीतरी घडलं आणि ते मामांना वीस पावलांवरून दिसलं : खांदे आपोआप खाली आले. पेरांवरचा पांढरेपणा गेला. कुणीही काही न सांगता हात सैल पडला होता.

टक्क असा कोरडा आवाज आला. चेंडू धुक्यात शिरला, दिसेनासा झाला, आणि पलीकडे हिरवळीच्या मध्यावर पडलेला सापडला. दहातले सहा चेंडू त्या दिवशी सरळ गेले. चार गेले नाहीत. त्या चारांवर पुढे वर्षभर मेहनत घ्यावी लागली आणि ती बारक्याने घेतली.

मामांनी त्या दिवसापासून एक शिस्त लावून घेतली. नवं पोर आलं की ते आधी त्याचा क्लब मागून घेत, मूठ नखाने दाबून पाहत, तळहात उघडून घट्टे पाहत. शिकवणी त्यानंतर.

आपण किती सहज म्हणतो, एवढं ताणू नकोस, घाबरू नकोस, हलकं घे. अशा सल्ल्याला पैसे पडत नाहीत आणि बहुधा तो खराही असतो. पण हातातलं निसटेल अशी भीती असते म्हणूनच माणूस आवळतो. त्याला दोष देण्याआधी त्याच्या हातात आपण काय दिलं आहे, ते एकदा मागून घेऊन पाहावं. कुणाच्या तरी मापाची जाड मूठ असेल, सुकलेली रिफिल असेल. भरवसा ठेवण्याजोगं काही हाती आलं, की हात आपणहून सैल होतो.

त्या सोमवारी घरी जाताना मामांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून नवं पेन घेतलं. रात्री नातीने पानभर शुद्धलेखन लिहिलं आणि वही पुढे केली. मामांनी अक्षर पाहिलं नाही. त्यांनी पान उलटलं आणि मागच्या बाजूवरून हलकेच बोट फिरवलं. कुठेच काही लागलं नाही.